पलंगाखालच्या चपला

माझी जीभ तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको. दादा मला लहानपणापासून मिरची म्हणायचा, आणि पुढे मी शाळेत शिवणकाम शिकवायला लागले तेव्हा पोरीही पाठीमागे तेच म्हणायच्या. म्हणेनात का! पण एक आहे. मी तोंडावर बोलेन, भांडेन, चारचौघांत एखाद्याची उतरवीन, खोटं बोलणं मात्र मला जमत नाही. बोलायला गेले की कान लालभडक होतात आणि समोरचा हसायला लागतो. म्हणून आमच्या घरात मला कधी कुणी गुपित सांगत नसे.

मी राहते त्या जागेला वृद्धाश्रम म्हटलेलं इथल्या मॅडमना चालत नाही. ज्येष्ठांची वसाहत म्हणायचं. ठीक आहे बाई, म्हणू. पुढच्या बाजूला बैठ्या खोल्यांच्या रांगा, प्रत्येक खोलीला छोटा ओटा, ओट्यासमोर हातभर माती. मधून फरशीची वाट, वाटेच्या टोकाला जेवणाचा हॉल आणि हॉलच्या मागे दुमजली इमारत. पुढच्या खोल्यांत स्वतःचं स्वतः करणारे राहतात. ज्यांना उठवावं-बसवावं लागतं ते मागे. मागे बायकांचा मजला वेगळा, पुरुषांचा वेगळा. नवरा-बायको असले तरी तसंच. एखादा तिकडे गेला की आम्ही पुढचे लोक 'मागे गेला' एवढंच हळू आवाजात म्हणतो आणि विषय बदलतो.

दादा आणि वहिनी बाग विकून इथे राहायला आले, त्या दिवशी मी सकाळपासून ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. माझ्या शेजारचीच खोली त्यांना मिळाली होती. टेम्पो आला. वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पत्र्याचा डबा घट्ट धरून, डब्यात पेरूचं रोप. आणि दादा? मागे सामानावर बसलेला! हृदयाचं दुखणं असलेला माणूस! मी तिथेच तोंड सोडलं. "अरे, जीव नकोसा झालाय का तुला? पुढे जागा नव्हती?" तो नुसता हसला आणि म्हणाला, "कपाट हललं असतं."

आमची वहिनी म्हणजे कोण, ते आधी सांगते. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. बाग आमच्या वडिलांची, मग दादाची, पण बागेचं नाव झालं ते वहिनीच्या कलमांमुळे. खुंटाचं, म्हणजे मुळाकडचं गावठी रोप घ्यायचं, त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि पट्टीनं घट्ट बांधायची. ऐकायला एवढंच. पण सालीला साल नेमकी भिडली नाही तर काडी वाळून जाते. वहिनीची सहसा वाळायची नाही. लांबलांबून लोक यायचे आणि दादाला ओलांडून सरळ तिच्यापाशी जायचे. "कलमवाली कुठे आहे?" असंच विचारायचे. दादा मला म्हणायचा, "बघ मिरचे, सातबारा माझा आणि रुबाब हिचा."

कामाला बसली की तिचं तोंड चालू आणि हातही चालू. नजर माझ्या तोंडाकडे आणि बोटं खाली काडी तासताहेत. माझा जीव वर-खाली व्हायचा. "अगं, बघ तरी हाताकडे, बोट कापशील!" तर म्हणायची, "वन्सं, बघायला लागले की चुकतं."

पुढे पुढे मी सुट्टीत जायचे तेव्हा मला त्या घरात नवीनच खुळं दिसायला लागली. दादानं मागच्या दारापासून रोपांच्या मांडवापर्यंत एक तार ओढली. मग मांडवापासून विहिरीपर्यंत दुसरी. कपडे वाळत घालायला म्हणे! मी हसून हसून बेजार. "दोन माणसांचे चार कपडे आणि तार बघा! गावाचे कपडे धुवायला आणता की काय?" वहिनीही हसायची. घरातली शिस्त तर विचारूच नका. पेला जागचा हलवला तरी दादा ओरडायचा. झाडू दाराआड म्हणजे दाराआडच. मी मनात म्हटलं, म्हातारपणी याचं डोकं फिरलं.

मग दादा बागेत पडला. हृदयाचा झटका. दूधवाल्यानं बघितला म्हणून वाचला. दवाखान्यातून घरी आला आणि आल्या आल्या म्हणाला, बाग विकायची. मुलगा म्हणाला, बाबा, गडी ठेवू, मी येत-जात राहीन. मी म्हटलं, अरे, तिच्या हातची झाडं आहेत ती, एवढी घाई काय? नाही म्हणजे नाही. जो तो त्यालाच बोलला. माणूस मरणाला घाबरला आणि बायकोचं काळीज कापून मोकळा झाला, असं मीसुद्धा त्याच्या तोंडावर म्हटलं. तो खाली मान घालून ऐकत बसला. वहिनीनं तर त्याच्याशी बोलणंच टाकलं. कामापुरतं 'अहो, ऐकलंत का' एवढंच. टेम्पोतून उतरताना तिनं त्याचा हात धरला, पण तोंड दुसरीकडे होतं.

सामान लावताना दादानं हमालांना नको नको केलं. पलंग भिंतीला, उशाशी खिडकी. पायथ्याशी कपाट. कपाटाला लागून पाण्याचा माठ, पेला माठाच्या उजवीकडे. टेबल दाराच्या रेषेत नको, इकडे घ्या, अजून थोडं इकडे. मी बघत होते. हळूहळू लक्षात आलं की हा बागेतलीच खोली इथे उभी करतोय. मला वाटलं, बाई गं, वहिनीला इथे करमावं म्हणून करत असेल. मधे एक स्टूल पडलं होतं. ते मी सहज उचलून मोरीच्या दारापाशी ठेवलं.

वहिनी मोरीतून बाहेर आली ती सरळ त्या स्टुलावर आदळली. मी धावले. ती गुडघा चोळत हसली, म्हणाली, "आल्या आल्या पाडलंत ना मला, नणंदबाई!" दादाचा चेहरा पांढराफटक झाला होता. मी चहा आणला, कप तिच्यापुढे धरला. तिचा हात कपाच्या शेजारून गेला, हवेत थांबला, आणि मग वाफेच्या अंदाजानं कपावर आला. मी काही बोलणार, तेवढ्यात दादानं माझा दंड धरला आणि मला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी नेलं.

"काचबिंदू आहे," तो म्हणाला. "समोरचं थोडं दिसतं. नळीतून बघावं तेवढं, तेही धुकट. बाजूचं काहीच नाही. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले डॉक्टर. थेंब घालतो, आहे ती टिकावी म्हणून."

"कधीपासून?"

"तारा ओढल्या तेव्हापासून."

मी त्या तारांना किती हसले होते! दादा म्हणाला की वहिनीनंच त्याला शपथ घातली होती. पोरांना कळलं तर हातातला चाकू काढून घेतील, म्हणतील आता गप बसून राहा. म्हणून दोघांनी मिळून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हा संसार चालवला, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही.

"मग मूर्खा, बाग का विकलीस?" मी म्हटलं. "तिथली जागा न् जागा तिच्या हाताखालची होती. इथे ती काय करणार?"

त्यानं टाकीचा ठिबकणारा नळ घट्ट केला. मग म्हणाला, "मी पडलो ना, तेव्हा मोटर चालू होती. पाटाच्या कडेला गवतात होतो मी. तोंडातून आवाज निघेना. ती तारेला हात लावत आली. आत्ता तू आणि मी आहोत ना, एवढ्या अंतरावरून गेली. माझ्यावर करवादत गेली. मी तिचे पाय बघितले. हात उचलायला बघत होतो, उचलला जाईना. ती गेली तशीच परतही आली, आणि घराकडे निघून गेली."

मी त्याचा हात हातात घेतला. हे माझ्या आयुष्यात क्वचितच झालंय.

"मला मरणाची भीती नाही गं मिरचे," तो म्हणाला. "पण मी तिथे मेलो असतो, आणि आपण शेजारून गेलो हे हिला कळलं असतं, तर ही पुढे जगली असती का? माणसांत राहायला हवं, म्हणून आणलं. सगळ्यांना सांगितलंय, मी विहिरीपलीकडे पडलो होतो. तिलाही तेच सांगितलंय. तिला हे कधी कळता कामा नये. मला घाबरट म्हण, काय म्हणायचं ते म्हण. आणि इथेही कुणाला तिच्या डोळ्यांचं कळू देऊ नकोस. कळलं तर तिला मागे टाकतील आणि मला पुढे. तिच्यावाचून मी काय करू?"

म्हणजे मला, जिला खोटं बोलता येत नाही तिला, दोन दोन गुपितं. पण न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली आणि जीभ आवरायला शिकले. साठी उलटल्यावर!

दादानं लगेच ओट्याच्या खांबापासून माझ्या खांबाला, आणि तिथून वाटेच्या कडेनं थेट हॉलपर्यंत दोरी बांधली. मॅडम तरातरा आल्या. "आजोबा, हे काय?" "कपडे वाळत घालायला." "कपड्यांना मागे जागा आहे. दर्शनी भागात हे बरं दिसत नाही." शेवटी आमच्या दोन ओट्यांमधली तेवढी दोरी राहिली. हॉलपर्यंत मी वहिनीच्या हातात हात घालून जायला लागले. मॅडम म्हणाल्या, "नणंद-भावजयीचं इतकं सूत मी कुठे बघितलं नाही." मी नाक उडवलं आणि पुढे चालू लागले.

आणि वहिनी म्हणजे काय वस्ताद! कोण येतंय ते पावलांवरून ओळखायची, आणि माणूस तोंड उघडायच्या आत नावानं हाक मारायची. सकाळी दादा तिला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा. मग ती हॉलमध्ये त्यातल्या बातम्यांवर अशी वाद घालायची की निवृत्त हेडमास्तर गप्प. ओट्यावर बसून तिनं पुन्हा कलमं बांधायला घेतली. लोक फुटके डबे, तुटक्या बादल्या आणून द्यायचे. सगळ्यांच्या हातभर मातीत तिची रोपं उभी राहिली. मॅडमनी स्वतःसाठी एक नेलं. "काय नजर आहे आजींची!" असं म्हणाल्या तेव्हा मला खोकल्याची उबळ आली.

दादाशी मात्र ती तशीच. "अहो, थेंब." "अहो, पाणी." बाकी काही नाही. तो सगळं करायचा. तिची वाट मोकळी ठेवायची, माठ भरायचा, हॉलमध्ये तिच्या ताटात कुठे काय आहे ते हळूच सांगायचा. तिनं कधी गोड बोलून त्याच्याकडे बघितलं नाही. मला राग यायचा. बाई, हा माणूस तुझ्यासाठी शिव्या खातोय, असं जिभेच्या टोकावर यायचं. मी गिळायचे.

मग दादाला तपासण्यांसाठी दवाखान्यात एक मुक्काम करावा लागला. वहिनी मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही यांच्यासोबत जा. मी खोलीतल्या खोलीत आहे, मला काय होतंय?" आणि नेमकी तीच वेळ साधून मुलगा आणि सून आले. गुणी आहेत हो पोरं, त्यांना नावं ठेवायची नाहीत मला. आई-बाबा जुन्यापान्या सामानात राहतात, याचं त्यांना वाईट वाटत होतं. बाबा घरी यायच्या आत खोली नवी करून टाकू, असा त्यांचा बेत. नवा पलंग आणला, तो खिडकीखाली आडवा. भिंतीलगत सरकत्या दारांचं कपाट. मधोमध काचेचा टीपॉय. माठाच्या जागी खुर्ची, आणि पाण्याचं यंत्र कुठेतरी वर, भिंतीवर. जुनं सगळं भंगारवाल्याला दिलं. ओट्यावरची दोरी काढली आणि तिथे फुलांची कुंडी टांगली.

वहिनी तिथेच होती. पोरं विचारत होती, "आई, हे इथे छान दिसतंय ना?" आणि ती म्हणत होती, "छान आहे रे बाळा. छान आहे." बोलली असती तर सगळं फुटलं असतं. एक एक वस्तू हलवण्याचा आवाज तिनं ऐकला, आणि प्रत्येकीला छान म्हटलं.

आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. वहिनी नव्या पलंगाच्या कडेवर बसली होती, पाय जुळवून, हात मांडीवर. पोरं आदल्या संध्याकाळीच गेली होती. हॉलमधून आणून दिलेलं ताट बाजूला तसंच होतं. तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, कारण पाणी कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं. ओठ सुकले होते. दादा दारातच थांबला. मग पुढे जाऊन त्यानं पेला भरला आणि तिच्या ओठांना लावला. ती घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "अहो, आपला माठ कुठे गेला?" कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याशी असं बोलली. दादा बाहेर ओट्यावर येऊन रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले. दुसरं काय करणार होते मी?

भंगारातलं परत मिळालं नाही. दादा तिला हात धरून नवी खोली शिकवायला लागला. इथे कपाट, इथे कोपरा, इथे जपून. दम लागायचा त्याला. बागेतली खोली तिला अर्ध्या आयुष्यात पाठ झाली होती, ही आठ-पंधरा दिवसांत कशी व्हायची? एका सकाळी दादा आंघोळीला गेला असताना दारावर कुणी हाक मारली. वहिनी उठून निघाली आणि काचेच्या टीपॉयवर कोसळली. काच फुटली. नडगी उसवली. हाक मारणाऱ्या मॅडमच होत्या. रक्त पुसताना त्यांनी वहिनीच्या डोळ्यांपुढून हात फिरवून बघितला. संपलं.

मुलगा-सून धावत आले. तो तर फुटक्या टीपॉयकडे बघून लहान पोरासारखा रडत होता. वहिनी त्यालाच समजावत होती, "तुझं काय चुकलं रे? आम्ही सांगितलंच नाही." सगळे त्याच खोलीत बसलो. मॅडम वाईट बाई नाहीत. पण नियम तो नियम. आजींना मागच्या इमारतीत जावं लागेल, म्हणाल्या.

दादा उभाच राहिला. "मी आहे ना! मी करतो तिचं सगळं. तुम्हाला काय त्रास झाला आजवर?"

"आजोबा, तुम्ही किती करता ते दिसतंय मला," मॅडम म्हणाल्या. "पण एक सांगा. तुम्हालाच काही झालं, या खोलीत पडलात, तर त्यांना कळेल का?"

दादा क्षणभरही थांबला नाही. "कळेल! तिला सगळं कळतं. पान पडलेलं कळतं तिला."

"नाही कळणार," वहिनी म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता. बांधलेला पाय खुर्चीवर, हात मांडीवर.

"एकदा नाही कळलं. बागेत हे पडले होते तेव्हा मी शेजारूनच गेले. वाटेत माझ्या पायाला यांची चप्पल लागली. मी उचलली. म्हटलं, कुठेही चपला टाकतात, पोरांपेक्षा वाईट. बडबडत मांडवापर्यंत गेले, परत आले. चप्पल चिखलानं भरली होती म्हणून धुतली आणि पायरीशी ठेवली. मग दूधवाला ओरडत आला. यांना उचलून आणलं तेव्हा तो म्हणाला, बाबांच्या पायात एकच चप्पल आहे, दुसरी शोधा कुणीतरी. दुसरी माझ्या पायरीशी होती, धुतलेली. हे तिकडे पडलेले आणि मी चप्पल धूत बसले होते."

दादा तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होता.

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही विहिरीपलीकडे पडलो म्हणून सांगितलंत. इतक्या मायेनं सांगितलंत, मग मी कशाला मोडू?"

"मग माझ्यावर राग कशाला धरलास इतके दिवस?"

"बाग मोडली म्हणून रागावले नसते, तर तुमच्या लक्षात आलं असतं ना, की मला कळलंय." मग ती मॅडमच्या आवाजाकडे वळली. "मला मागे न्या. तिथे माणसं असतात, घंटा असते. यांना पुढेच राहू दे. माझी राखण करून करून थकलेत हो हे."

दादा तिच्या पायाशी खाली बसला आणि तिच्या मांडीवर डोकं टेकलं. पोरांसमोर, मॅडमसमोर. मी उठून बाहेर गेले.

वहिनी मागे गेली. बायकांच्या मजल्यावर खिडकीजवळचा पलंग मिळाला. दादा सकाळी जायचा, तिथेच जेवायचा, आणि संध्याकाळची घंटा झाली की पुरुषांनी निघायचं म्हणून निघायचा. पण एक झालं. दोघांचं तोंड उघडलं. काय बोलत असतील देव जाणे, मी गेले की दोघं हसत असायची. तिथली मावशी म्हणायची, "आजी-आजोबांचं नवीनच लग्न झालंय जणू."

पहिल्याच संध्याकाळी दादा निघाला तेव्हा वहिनी म्हणाली, "अहो, चपला इथेच ठेवून जा."

"आणि मी काय अनवाणी जाऊ?"

"फरशीची तर वाट आहे. सकाळी आलात की चपला तुमच्या. आणि उजाडून गेलं, तरी चपला माझ्याच पलंगाखाली राहिल्या, तर मला कळेल. कुणाला तरी पाठवीन. या वेळी मला कळलं पाहिजे."

तो चपला काढून पलंगाखाली सरकवून आला. मग रोजचंच झालं. रोज संध्याकाळी आमचा दादा अनवाणी परत यायचा. मॅडम विचारायच्या, "आजोबा, चपला?" "विसरलो बघा." मी ओट्यावरून ओरडायचे, "आणखी एक जोड घे की, कंजूष!" तो म्हणायचा, "दुसरा जोड घेतला तर फसवल्यासारखं होईल तिला." खोलीत आला की घमेल्यात पाणी घेऊन पाय धुवायचा. भिंतीपलीकडून मला पाण्याचा आवाज ऐकू यायचा, आणि मी दिवा मालवायचे. वहिनी सकाळी त्या चपला फडक्यानं पुसून, टाचा दाराकडे करून त्याच्यासाठी मांडून ठेवायची. असे बरेच महिने गेले. चांगले गेले, खरंच सांगते.

त्या सकाळी मी नुकतंच चहाचं आधण ठेवलं होतं. मागच्या इमारतीतली मावशी धापा टाकत आली. "आजी म्हणताहेत, आजोबा पडलेत. दार उघडा म्हणताहेत. अहो, किती वेळ चपला मांडीवर घेऊन बसल्यात!" मी म्हटलं, अगं, अजून त्याची वेळ टळली नाही. पण गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

दादा पडला नव्हता. खुर्चीत बसला होता, मान एका बाजूला. पाय घमेल्यात होते. पाणी गार पडलं होतं. मागच्या इमारतीतल्या डॉक्टरांनी येऊन बघितलं आणि म्हणाले, काल संध्याकाळीच गेलेत, खोलीत आल्या आल्या. कुणाला काही करता आलं नसतं. मी त्याचे पाय पुसले. तळवे अगदी स्वच्छ होते.

मग मी मागे गेले. वहिनी पलंगावर बसली होती, पाय जुळवून. चपला मांडीवर. पुसून लख्ख केलेल्या. माझी पावलं तिनं दारातच ओळखली.

"वन्सं?"

"हो गं."

"पडले होते ना?"

"हो."

"गेले?"

मी तिच्याजवळ बसले. तिचा हात हातात घेतला. ती रडली नाही. दुसऱ्या हातानं चपलांवर बोटं फिरवत होती, पट्ट्यावरून, टाचेवरून, काडी चाचपावी तशी.

"पण या वेळी मला कळलं ना, वन्सं? वेळेवर कळलं ना?"

"कळलं," मी म्हटलं. "अगदी वेळेवर कळलं, वहिनी. आम्ही गेलो तेव्हा जीव होता त्याच्यात. मी सांगितलं त्याला, वहिनीनं पाठवलंय. हसला तो. मग गेला."

तिनं मान हलवली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. माझे कान भाजल्यासारखे तापले होते. लालभडक झाले असणार. पण ते बघायला आता कुणी नव्हतं.